मनगट धरणारा हिरो

मंगळवार, माउंट रॉस्किल

आजही आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर एक-दोन-तीन म्हटलं आणि आम्ही दोघींनी कोरियन सिरीयल एकदम सुरू केली. हिरोने परत नायिकेचं मनगट धरून तिला फरफटत नेलं. तिचे नुसते डोळे भरून येतात. असं कोण रडतं? मला तर शेंबूड येतो.

आज ठरवलंच होतं, सांगायचं आईला. तिच्या लाडक्या जावयाने परवा माझं मनगट कसं पिरगाळलं ते. न्यू लिनच्या ऑफिसात सगळ्यांना दार लागलं म्हणून सांगितलंय. तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "किती जीव आहे गं त्याचा तिच्यावर."

मी स्वेटरची बाही खाली ओढली.

"पुढचा भाग लावायचा?" तिने विचारलं.

मीच मोजलं. एक, दोन, तीन.