इंग्रजीत ते गेले नव्हते

बाई, सकाळी तुमच्या करमाडच्या खोलीवर मी दूध घालायला यायचे, तेव्हा तुम्ही स्टोव्हला पंप मारत असायचात. मी तांब्यातलं दूध पातेल्यात ओततेय आणि तुम्ही मागं न बघताच विचारता, "व्हॉट आर यू डुइंग?" मी म्हणते, "आय ॲम गिव्हिंग मिल्क." तुम्हाला हसू आवरत नाही. "अगं, दूध म्हैस देते! तू ओततेस. पोअरिंग म्हण." मग विचारता, वडील कुठं आहेत. ते मेंढरं घेऊन रानात गेलेले. मी म्हणते, "माय फादर इज गो." तुमचा चेहरा लगेच शाळेतल्या बाईंचा होतो. "निघालाय का गेलाय?" "गेलाय, बाई." "मग हॅज गॉन. इंग्रजीत माणूस कुठवर पोचला ते नीट सांगावं लागतं."

तुम्ही गेलात त्याला खूप वर्षं झाली. मी इंग्रजीची शिक्षिका झाले, हे तुम्हाला कळलंच नाही. बजाजनगरच्या शाळेत आहे. रद्दीच्या दुकानातून इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणायची आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची, असं वाचन माझं मीच शिकले. मी अडले की हे बाजूला बसून म्हणायचे, "पुढं चल की, मेन माणूस मेला का जगला तेवढं सांग." हे म्हणजे माझे मालक. वाळूजला कंपनीत फिटर होते. दोन वर्षांमागं कामावरच छातीत दुखून गेले.

तेव्हापासून माझा तास म्हणजे फळ्यावर उत्तरं लिहायची आणि मुलांनी उतरवायची. वर्गात माझा आवाज निघत नव्हता. हेडसर माणूस चांगला. म्हणाले, "मॅडम, इंग्रजी नव्या मुलीला देऊ. तुम्ही कार्यानुभव घ्या, डोक्याला ताप नाय. तेवढं प्रशिक्षण करून या, मग सांगा." मी हो म्हणायचं ठरवूनच प्रशिक्षणाला गेले.

जुन्या इंग्रजी शिक्षकांना पुन्हा उभारी यावी म्हणून ते प्रशिक्षण होतं. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं जोड्या लावल्या आणि म्हणाली, घरातल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत बोला. माझ्या वाट्याला चितेगावच्या शाळेतल्या एक मॅडम आल्या. त्या मला ओळखत नव्हत्या. मी म्हटलं, "माय हजबंड वर्क्स इन अ कंपनी." वर्क्ड म्हणायला हवं होतं. मुलांना मी तेच शिकवत आले. त्यांनी विचारलं, कुठली शिफ्ट? मी सांगितलं, सेकंड. घरी आल्यावर जेवतात का? हो, गरम भाकरी लागते, मिरचीचा ठेचा लागतो, जेवताना लई बोलतात. त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. कित्येक दिवसांत इतकी इंग्रजी मी बोलले नव्हते.

मग ऐकलेलं सगळ्यांना सांगायची पाळी आली, तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी भरल्या हॉलला सांगितलं की माझे मालक सेकंड शिफ्टला आहेत, आज घरी येतील, गरम भाकरी मागतील. आमच्या शाळेतली मैत्रीण मागं बसली होती. तिनं मान खाली घातली. शिकवणारी पोरगी म्हणाली, "व्हेरी गुड. ग्रामरची एकपण चूक नाही."

परत येताना रिक्षात मैत्रीण म्हणाली, "काहून असं केलं गं?"

मी म्हटलं, "मराठीत सगळ्यांना सांगून झालं. इंग्रजीत कुणाला सांगितलंच नव्हतं."

तिनं माझा हात धरला. बजाजनगर येईपर्यंत आम्ही दोघी रडलो. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, कुणी वारलं का?" तेव्हा मैत्रीणच म्हणाली, "व्हय, भाऊ."

बाई, मराठीत "गेले" म्हटलं की भागतं. बाजारात गेले तरी गेलेच, आणि कायमचे गेले तरी गेलेच. त्या शब्दाआड मी दोन वर्षं बसून होते.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या खोलीवर आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. आणि खरं सांगू, मी यांनाच लिहायला बसले होते. पहिली ओळ जमेना, म्हणून तुम्हाला लिहिलं.

प्रशिक्षण झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी हेडसरांना सांगितलं, इंग्रजी माझ्याकडंच राहू द्या. मग सातवीच्या वर्गात गेले, पुस्तक उघडलं नाही. "माय हजबंड वॉज अ फिटर," असं मोठ्यानं म्हटलं, आणि मुलांना म्हणाले, आता तुम्ही विचारा.