काढलेल्या स्वल्पविरामांची वरात

कुरुंदा, ता. वसमत
मे २००४

तीर्थरूप दादास,

संध्याचा सप्रेम जयभीम. (तीर्थरूप मायन्यापुरतं. पुढे तूच.) वहिनीची कंबर आता कशी आहे? पुण्यात फरशीवर झोपू नका म्हणावं. इकडे आईचे गुडघे उन्हाळ्यामुळे बरे आहेत. बाबांचं ब्लडप्रेशर मात्र तू पाठवलेली सीडी घरात आल्यापासून वर आहे. फोनवर तू "आधी एरर नीट वाच" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. निदान पत्र तरी तुला मधेच ठेवता येणार नाही. (येईल म्हणा. पण ठेवू नकोस.)

बाबांच्या वरातीच्या बँडात निम्मे लोक त्यांच्यासारखेच पोलीस बँडातले पेन्शनर. समोर कागद असल्याशिवाय ते फुंकर मारत नाहीत, आणि कागदावर असेल त्यापेक्षा वेगळं मेले तरी वाजवत नाहीत. त्यात बाबांचं अक्षर हल्ली असं झालंय की पाच रेघांवर मुंग्यांची मारामारी झालेली दिसते. तेव्हा तू म्हणालास, नुसती अक्षरं टाइप करायची, सीडीतला प्रोग्राम त्यांचे छापील सूर करून देतो. "तुझं तर लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान आहे, तुला काय अवघड?" हे वाक्य मी जपून ठेवलंय, तू येशील तेव्हा परत देईन.

सुरुवातीला तर एक काळी खिडकी उघडायची आणि वाचायच्या आत मिटायची. मग कळलं की फायलीच्या नावात जागा सोडलेली तिला चालत नाही. ते निस्तरलं तर एरर आली, शेवटच्या ओळीत चूक आहे. शेवटच्या ओळीत काहीही नव्हतं. अर्धा दिवस त्या रिकाम्या ओळीकडे बघत बसले, तेव्हा वरती कुठेतरी उघडलेला महिरपी कंस बंद करायचा राहिलेला सापडला. (चोरी पहिल्या घरात आणि पंचनामा शेवटच्या घरात, असा हा प्रोग्राम.) पुढे बाबा सांगतात तो बी फ्लॅट सूर त्याला कळेना. त्याला "बेस" असं लिहावं लागतं. मी लिहिलं तर बाबा भडकले, "बेस काहून लिहून राहिली? बेस म्हंजे मोठा ढोल. मी क्लॅरनेटचं सांगून राहिलो!"

आता मुख्य गोष्ट. सूर खाली उतरवायचा तर अक्षरापुढे स्वल्पविराम दे, असं तू सांगितलं होतंस, आणि मी ते दिलेही होते. पण माझा धंदा पत्रिकांचा. नावापुढे, आडनावापुढे लोकांनी सांडलेले स्वल्पविराम मी रोज वेचते. छापायच्या आधी शेवटचा हात फिरवताना ते दिसले आणि बोटं आपोआप चालली. सगळे नाही, जे फारच गबाळे दिसत होते तेवढेच काढले. एरर आली का? नाही! एरवी एका कंसावरून भांडणारा प्रोग्राम या वेळी शहाण्यासारखा गप्प बसला. कागद आला तर सूर पाच रेघा सोडून वर वर निघालेले, शेवटचा तर "मंगल परिणय" या शीर्षकाला जाऊन टेकलेला. मला वाटलं, लग्नाचं आहे, चढतंच असेल. बाबांनी चष्म्याशिवाय पाहिलं आणि छपाई मोठी आहे म्हणून खूश झाले.

लग्न आपल्या मिराबाईंच्या पल्लवीचं. नवरदेव कनेरगाव नाक्याचा. वरात निघाली ती रस्त्यावर वाळत घातलेल्या हळदीपाशी येऊन थांबली, कारण घोडीला ती हळद तुडवायची नव्हती. (गावात एवढा विचार तीच करते.) तेवढ्यात बाबांनी काठी उचलली आणि हरिचंदकाकांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं. जिथे उतरायचं तिथे सूर चढला, पुन्हा उतरायचं तिथे पुन्हा चढला. काका लाल झाले, मग जांभळे. बाबा काठीने खाली खाली दाखवतायत आणि काकांची नजर कागदावर. शेवटचा सूर निघाला तो सूर नव्हताच. गावातली कुत्री गप्प झाली आणि घोडी नवरदेवासकट उधळली. हळद बाजूला ठेवून, मांडवाच्या दारात जाऊनच थांबली. नवरदेवाची आई रूपाबाई चपला हातात घेऊन मागे. दादा, पत्रिकेतल्या वेळेवर लागलेलं लग्न मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

बाबांनी काठी खाली टाकून विचारलं, "हरिचंद, काय वाजवलं हे?" काकांनी सावधान उभं राहून सांगितलं, "मास्तर, कागदावर होतं ते बराबर वाजवलं." बाबांनी तो कागद घरी आणून बंबात घातला आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागायचे. मला फार वाईट वाटलं. चाल खरंच सुरेख होती रे, आणि त्यांची स्वतःची. म्हणून मी बसून एकेक स्वल्पविराम परत घातला, बाबांना वाजवून बघायला लावलं, आणि आता सगळं बरोबर आहे. तेव्हा तू काळजी करू नकोस. काही काम नाही, सहज लिहिलं. वहिनीला जयभीम, पोरांना पापा.

तुझी,
संध्या

ता. क. एक बारीकसं काम आहे. जवळा बाजारच्या लग्नात बाबांनी बरोबर चाल वाजवली, तर लोक हाताची घडी घालून उभे. वरमाय म्हणाली, "हे न्हाई, ते घोडी पळवायचं वाजवा." आता जो येतो तो तेच मागतो. मी पुन्हा चुकून बघितलं, पण तशी चूक जमत नाही. सगळे स्वल्पविराम काढले तर सूर कागदाबाहेर जातो. लग्नाआधी सायबर कॅफेतून तुला तीच चुकलेली फाइल "बघून सांग" म्हणून पाठवली होती, ती तू अजून उघडलीही नसशील. तशीच परत पाठव. कृपा करून दुरुस्त करू नकोस. बाबांना यातलं काही कळता कामा नये.

ता. क. २. चि. प्रेमानंद, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. फाइल लवकर पाठव. शेवटचा सूर तेवढा आणखी एक पायरी वर घे. पुढच्या लग्नाच्या घोडीला जरा कमी ऐकू येतं. — सोनाजी (बाबा)