दान तपासायला गेलो त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघे देतील तेवढाच वाकून). तुझी कंबर कशी आहे? दाजी पुन्हा स्टुलावर चढून पंखे पुसत नाहीत ना?

आण्णांचं चष्म्याचं दुकान विकलं, त्यातला एक वाटा दानाला काढायचं आपलं ठरलं होतं. कुठे द्यायचा ते तू माझ्यावर सोपवलंस, आणि मी नको तिथे तोंड उघडलं. आमचे जावई पडले हिशेबतपासनीस. म्हणाले, "बाबा, भावनेच्या भरात देऊ नका. पैशातून खरंच किती भलं होतं ते आधी डोळ्यांनी बघा." मला पटलं. (जावयाचं पटलं नाही तरी पटवून घ्यावं लागतं.)

म्हणून परवा गरिबांवर फुकट उपचार करणाऱ्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. विचारायचे प्रश्न पाठ करून गेलो होतो. पण दारातच नर्सबाईंनी दंड धरला, "आजोबा, रांग इकडे." म्हटलं, मी पाहणी करायला आलोय. "इथे सगळे त्यासाठीच येतात," म्हणत त्यांनी माझी मान मागे केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून मोकळ्या झाल्या!

मग काय, बसलो बाकावर. समोरचं सगळं जग धुक्यात. शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यासाठी आलेल्या. सुईत दोरा ओवून घ्यायला रोज शेजारणीचं दार वाजवायची लाज वाटायची म्हणाल्या, मशीन विकायलाच काढलं होतं. "आता काळ्या कापडावरचा काळा दोरासुद्धा दिसतो हो!" ताई, हा आवाज आपण लहानपणी किती वेळा ऐकलाय! आण्णा नवा चष्मा चढवून गिऱ्हाइकाला पायरीवर आणायचे, समोरचं झाड दाखवायचे. माणूस मान वर करून बघायचा, आणि मग अगदी याच आवाजात, "अरे, पानं सुटी सुटी दिसतात की!" पैसे नसले तर आण्णा म्हणायचे, "राहू दे, पुढच्या वेळी." आतून आईचा आवाज, "दुकान आहे की धर्मशाळा?" आणि आपण दोघं मोडक्या फ्रेमा नाकावर चढवून काउंटरखाली खुदखुदत बसलेलो.

बाईंनी विचारलं, "तुम्ही कशाला आलात?"

"दानाच्या पैशाचा उपयोग होतो का ते बघायला."

"मग दिसलं का?"

"छे हो, काहीच दिसत नाहीये!"

त्या इतक्या हसल्या की नर्सबाई दटावायला आल्या.

पैसे तिथेच देऊन आलो. जावयांनी विचारलं, "दुसऱ्या एखाद्या संस्थेशी तुलना केलीत?" म्हटलं, केली, आण्णांच्या दुकानाशी. त्यावर त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

तुझा,
धाकटा

ता. क. : डॉक्टरांनी माझ्याही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू काढलाय (म्हणजे शोधलाय, एका डोळ्यातला काढणार पुढच्या आठवड्यात). मला मुळीच भीती वाटत नाही, असं घरी सगळ्यांना सांगितलंय. तू ये.

आणखी ता. क. : दानाची हकिगत फोनवरही सांगता आली असती. पण आमच्या फोनजवळ सतत कोणीतरी बसलेलं असतं, आणि 'तू ये' हे त्यांच्यासमोर म्हणवेना.