परकराखालचं

१२ ऑक्टोबर
महाबळेश्वरचं हॉटेल सोडलं. तिसरी नोकरी! आईनं पातेलं आपटलं.
राजेश्वरीवहिनी पाय फाकून चालतेय. विचारलं तर — "काय न्हाई, वन्सं."

१४ ऑक्टोबर
शेवटी मोरीत सांगितलं तिनं. मांड्यांत खाज. झोप नाही. "ह्यांनी ट्रकवर फिरून कुठनं काय आणलं असलं तर?" दादावर संशय! दिवाळीला माहेरी गेले की परत यायची न्हाई, म्हणते.

१५ ऑक्टोबर
तासगावला डॉक्टरीणबाईंकडे नेली. बाई विचारतात, काय घालता, कुठं वाळवता? वहिनी भिंतीकडं बघत, "आतलं... आतलं." मीच बोलले — निकर! कंपाउंडर हसला. हसू दे.
नायटा आहे. साधा नायटा! तसला रोगबिग काही नाही. कपडा ओला राहतो म्हणून. मलम लावा, कडक उन्हात वाळवा.
आमच्यात वाळतं कुठं? मोरीमागच्या दोरीवर, वरनं ओला परकर पांघरून!
एसटीत हॉटेलच्या लाँड्रीतल्या बायका आठवल्या. नेपाळी पोरगी सरळ म्हणायची कट्टू, म्हणजे निकर. जतच्या पलीकडची मावशी म्हणायची ओळगिन बट्टी, म्हणजे आतलं कापड. मॅनेजर म्हणायचा अंदर के कपडे. बाकी सगळ्या मुलखात आतलंच! पाहुण्यांचं मात्र मशिनीत खडखडीत वाळायचं. तिथला चहा बाकी बेकार होता.

१७ ऑक्टोबर
गच्चीवर वाळत घातलं. आईनं तासाभरात काढलं. "रस्त्यावरनं माणसं जात्यात! बापाची अब्रू दोरीवर टाकतीस व्हय गं?"
म्हटलं, शमशादचाची बाजारात दुकानाच्या दारातच निकर टांगते की.
"त्या कोऱ्या असत्यात!"
मग सांगूनच टाकलं.
"आई, वहिनीला नायटा झालाय."
"बाईच्या जातीला असतंच. सोसायचं. आमी न्हाई सोसलं?"

१८ ऑक्टोबर
मोरीमागच्या दोरीवरचा परकर काढला. आईनं पांघरला. परत काढला. परत पांघरला!!

१९ ऑक्टोबर
वहिनीनं बॅग काढली. दादावर राग नाही आता. "पर हितं मी बरी व्हायची न्हाई वन्सं. माझ्या माहेरी ऊन तरी हाय."
माझं डोकंच फिरलं. अंगणात उभी राहून ओरडले — निकर! कट्टू! ओळगिन बट्टी! वहिनी तोंडाला पदर लावून हसली. आई आत निघून गेली. जेवली नाही.

२१ ऑक्टोबर
दुपारी गच्चीवर गेले. वहिनीच्या तीन निकर, उघड्या उन्हात. त्यांच्या पलीकडं आणखी दोन. मोठ्या, विटलेल्या, इलॅस्टिक गेलं म्हणून नाडी ओवलेल्या.
आईच्या.
मलमाची ट्यूब एवढ्यात कशी संपली, ते आता कळलं.