हळू हलवलेला रुमाल

बाबा, "जोरात हलवू नको गं माय. जोरात हलवलं की मला गाडी थांबवावी लागती," असं तुम्ही म्हणाला होता. आदल्या दिवशी मी खुशीत रुमाल गरगर फिरवला आणि इस्लापूरहून भोकरकडे निघालेली पॅसेंजर तुम्ही आपल्या शेताशी, स्टेशन नसताना, उभी केलीत. रुळाजवळ कुणी काहीही जोरात हलवलं की तो धोक्याचा इशारा, हे मला कुठं ठाऊक? डब्यातून एकजण ओरडला, "डायव्हरसाब, घर आलं काय? चहा पिऊनच घ्या!" सगळे हसले, तुम्ही नाही. वरून तुम्हाला जाब विचारला गेला. त्यानंतर मी रुमाल रोज हळू हलवायची आणि तुम्ही शिट्टी द्यायचा.

मागच्या महिन्यात नांदेडला रंगवून उभं केलेलं एक वाफेचं वायपी इंजिन पाहिलं. तुम्ही चालवायचा तसलंच, मीटरगेजचं, जड, काळं. मुलं त्याला टेकून फोटो काढत होती. तुम्ही सांगायचा, वायपी सगळ्या एका साच्यातल्या, एकीचा भाग काढून दुसरीला बसवला तरी कळत न्हाई. मी तिथून निघून आले.

भुईमूग काढताना आईला पान लागलं, साप चावला, ती दुपार. एसटी थेट संध्याकाळी, दवाखाना भोकरला. आई बांधावर बसलेली, पाय घट्ट धरून म्हणते, "पळ, बापाची गाडी थांबव." मी रुळाशी पोचते. इंजिन येतं, खिडकीत तुम्ही दिसता. आणि मी रुमाल हळू हलवते. रोजच्यासारखा. तुमचा त्या दिवशीचा चेहरा आठवला आणि हात जोरात हलेना. तुम्ही शिट्टी दिलीत. शेवटचा डबा गेल्यावर मी ओरडले.

भोकरच्या वाटेवर आई बैलगाडीतच गेली. लातूरहून मामा आले. "रुमाल कसा हलवलास?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "जोरात." नऊ वर्षांची होते मी. मामा तुमच्या अंगावर धावले. "पोरगी रुमाल फिरवायली आन् तू शिट्ट्या मारायलास? बायकोपरीस टायम मोठा झाला व्हय रे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग म्हणालात, "हाव. दिसलं होतं."

मामा मला लातूरला घेऊन गेले. तुम्ही महिन्यातून एकदा यायचा, ओट्यावर बसायचा. आत या, असं कुणी म्हणायचं नाही. मीही नाही. मामी पाण्याचा तांब्या माझ्या हाती द्यायची, मी तो तुमच्यापुढं ठेवून आत पळायची. बायकोला मरू देणारा माणूस, हे नाव घेऊनच तुम्ही गेलात.

तुम्हाला वाटलं असेल, लेकीला वाचवलं. नाही वाचवलंत. माझ्यावरचा दोष काढून तुम्ही स्वतःला बसवलात, आणि मी त्या खोट्यासकट वाढले. एक थप्पड मारली असतीत तर रडून मोकळी झाले असते. तुमच्या त्या 'हाव'चा मला अजून राग येतो.

तुम्ही होता तेव्हा दोनदा लिहायला बसले होते. शिक्षेची भीती नव्हती. तुम्ही "जाऊ दे माय" म्हणाल, याची होती. आजही तेच म्हणाल. तरी मागते. बाबा, एकदा, मामांच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत मला खोटारडी म्हणा.