भिंतीपाशी पाचवा बाक

१४ मार्च

ताई,

नमस्कार करतो. कोपऱ्यात तारीख घातली आहे, ती आधी बघून घे. चार वर्षांनी लिहितोय, निदान तारखेवरून तरी बोलणी बसू नयेत.

इकडे सगळं ठीक. माझी साखर हद्दीत आहे. सुतारकामाचं दुकान गेल्या वर्षी बंद केलं, पण हत्यारं विकवेनात, म्हणून मागच्या खोलीत मांडून बसलोय. तुझी भावजय त्याला पसारा म्हणते आणि दिवसातून दोनदा भुसा झाडते. तुझं कसं चाललंय? शाळेतून निवृत्त झाल्यावर आता कुणाच्या वह्या तपासतेस?

आता मुद्द्याचं. आमच्या पालिकेने यंदा एक योजना काढली आहे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत कुणी वस्तीसाठी छोटंसं काम करणार असेल, म्हणजे ज्याने रस्ता, जिना, गल्ली जरा सुरक्षित होईल आणि लोकांना जरा बरं वाटेल, तर सामानाचं अनुदान पालिका देते. मेहनत आपली. कुणी मुलांना पोहायला शिकवणार आहे, कुणी अंधाऱ्या जिन्यांत दिवे लावणार आहे. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं दार रोज दुपारी वाजवून चौकशी करणार आहेत. मी बाक करणार आहे. दवाखान्याच्या चढावर, पाच.

अर्जावर दोघांची नावं लागतात, म्हणून इस्त्रीवाल्याला बरोबर घेतलं. तो बिचारा कामाला वाघ आहे, पण बोलायला लागला की खिळा हातातच राहतो.

पहिला नमुना करून गल्लीच्या तोंडाशी ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना बसायला लावलं. बसायला सगळ्यांना जमलं. उठायला कुणालाच जमेना. एक आजोबा तर म्हणाले, आता माझं ताट इथेच आण. चाळीस वर्षं खुर्च्या केल्या, पण म्हातारं माणूस उठतं कसं हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं, खरं सांगतो. मग बैठक दोन इंच वर घेतली, दोन्ही बाजूंना जोर द्यायला लाकडी हात लावले आणि बुटक्या माणसांचे पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली एक पट्टी ठोकली. आता आजोबा दिवसातून चार वेळा उठून दाखवतात.

जागा अशा आहेत. पहिला किल्लीवाल्यासमोर, दुसरा इस्त्रीच्या दुकानाशी, तिसरा चष्म्याच्या दुकानाबाहेर, चौथा पार वर, औषधाच्या दुकानापाशी. पाचवा चष्मेवाला आणि औषधवाला यांच्या मधे, शाळेच्या भिंतीला लागून.

चार मंजूर झाले. भिंतीजवळचा अडला. योजनेचं काम बघणाऱ्या बाई कडक आहेत, तुझ्याच जातकुळीच्या. स्वतः चढ चढून आल्या, भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे कोण बसणार, काका? ना दुकान, ना झाड. बघायलासुद्धा काही नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच."

त्यांनी अर्ज उघडून चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं. 'ही गरज तुम्हाला कशी कळली?' असा प्रश्न आहे. मी त्यापुढे 'अनुभवाने' एवढंच लिहिलं होतं. "कुणाच्या?" म्हणाल्या. मी म्हटलं, आईच्या. मग ते सविस्तर लिहा, म्हणाल्या. आणि कुणाच्या आजारपणाचा, जाण्याचा उल्लेख येत असेल तर रक्ताच्या नात्यातल्या आणखी एका माणसाची संमतीची सही लागते. आईच्या रक्ताचे म्हणजे आता उरलो आपण दोघंच.

म्हणून सोबत कागद जोडला आहे. खाली फुली केली आहे तिथे सही कर आणि ५ एप्रिलच्या आत पोचेल असा पाठव. आईला चढाचा त्रास व्हायचा, एवढंच लिहीन म्हणतो. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझा,
धाकटा


२३ मार्च

ताई,

पाकीट मिळालं. आत माझाच कागद, सही नाही, आणि मागच्या बाजूला तुझी एक ओळ. 'आई दवाखान्याच्या दारात बसली होती ना? मग बाक भिंतीपाशी का?'

तीन दिवस ती ओळ खिशात घालून फिरतोय. इस्त्रीवाल्याने विचारलं, बहिणीने सही दिली का? मी म्हटलं, तिने पेपर तपासायला घेतलाय.

एरवी मी तुला काहीही सांगितलं असतं. पण बाकाची जागा खोटी सांगता आली नाही. माप चुकीचं लिहायला हात वळत नाही.

तर ऐक. मी तुला सांगितलं होतं की त्या दिवशी मी आईबरोबर होतो, दवाखान्याच्या दारात तिला चक्कर आली आणि मीच तिला पायरीवर बसवलं. मी बरोबर नव्हतो. त्या दिवशी नव्हतो, आणि त्याआधी वर्षभरात तिच्या दवाखान्याच्या एकाही गुरुवारी नव्हतो. तू दर गुरुवारी संध्याकाळी फोन करायचीस, "नेलंस का रे तिला?" आणि मी म्हणायचो, "नेलं."

सुरुवातीला नेलं होतं, तेवढं तरी खरं. पण माझं चालणं तुला माहीत आहे. मी पुढे, आई मागे. वळून बघावं तर ही किल्लीवाल्याकडे उभी, हातात कुलूप. मी म्हणायचो, "आई, घरात तीन कुलपं पडली आहेत." तर म्हणायची, "असू दे रे, बघायला काय जातं?" पुढे गेलं की इस्त्रीवाल्याशी गप्पा. त्याच्या पुढे चष्म्याच्या दुकानात आरशासमोर बसून फ्रेमा लावून बघणार. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास. एका गुरुवारी माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी भर रस्त्यात बोललो, "तुला दवाखान्यात जायचंय की बाजारात? तुझ्याबरोबर निघालं की माझा अर्धा दिवस जातो."

ती चिडली नाही. हातातली फ्रेम जागेवर ठेवली आणि म्हणाली, "मग तू जा बाबा कामाला. मला काय रस्ता नवा आहे?"

आणि मी गेलो. पुढच्या गुरुवारी तिने मला हाक मारली नाही, आणि मला बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

पुढचं मला गेल्या वर्षी कळलं. इस्त्रीवाल्याच्या दुकानाची फळी बदलून द्यायला गेलो होतो. तो सहज म्हणाला, "तुमच्या आई दर गुरुवारी मला चादरीचा दर विचारायच्या. चादर काही कधी आणली नाही. एकदा मी म्हटलं, मावशी, दर तोच आहे. तर म्हणाल्या, वाढला की सांग हो."

मी तसाच उठून किल्लीवाल्याकडे गेलो. त्याला ती पितळी कुलपाची किंमत विचारायची, दर आठवड्याला, त्याच कुलपाची. चष्मेवाला म्हणाला, काकूंना एकही फ्रेम पसंत पडली नाही, पण बसायच्या मात्र छान दहा-पंधरा मिनिटं.

ताई, तिला दम लागायचा. थांबावं लागायचं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं, मला तर नाहीच. म्हणून ती वस्तू बघायची. मी लाकडाला हात लावून त्याच्यातली ओल सांगतो, आणि माझ्या आईचा श्वास मला ऐकू आला नाही.

चष्म्याच्या दुकानापासून औषधाच्या दुकानापर्यंत शाळेची भिंत आहे. एकशे नव्वद पावलं, आणि चढ सगळ्यात उभा तिथेच. किंमत विचारायला तिथे काही नाही. तिथे ती थांबली असती तर नुसतीच थांबलेली दिसली असती, म्हणून ती तेवढं अंतर एका दमात चालायची. त्या दिवशी मे महिना होता, शाळेला सुट्टी, ऊन डोक्यावर. चष्मेवाल्याने बाहेर बघितलं तेव्हा ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. त्यानेच तिला रुग्णालयात नेलं. मी एका घरी कपाट बसवत होतो आणि फोन पिशवीत होता. पोचायला मला चार वाजले.

तिने मला बघितलं आणि म्हणाली, "काही नाही रे, बसले जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तू गाडीतून उतरताच विचारलंस, "तू होतास ना बरोबर?" मी हो म्हटलं. त्यानंतर तुझा फोन आला की तू पुन्हा तेच विचारशील असं वाटायचं. म्हणून मी आधी थोडक्यात बोलायला लागलो, मग उचलणंच बंद केलं. आपलं भांडण झालं असतं तर परवडलं असतं, कुणीतरी येऊन मिटवलं तरी असतं.

पाचवा बाक भिंतीपाशी का, ते हे असं आहे. कागद पुन्हा पाठवतोय. सही कर किंवा करू नकोस. नाही केलीस तर तुला दोष देणार नाही. अर्जात मात्र मी आता हेच लिहिणार, आणि तुझ्या सहीशिवाय ते घेणार नाहीत, म्हणजे बाकही होणार नाही.

तुझा भाऊ


२ मे

ताई,

तुझं उत्तर येऊन महिना झाला. सही तेव्हाच बाईंना नेऊन दिली. तुला मात्र लगेच लिहिलं नाही. का, ते सांगतो.

मला राग आला होता. तू लिहिलंस की मी आईबरोबर जात नाही हे तुला माहीतच होतं. तिनेच फोनवर सांगितलं होतं, "तो येत नाही, पण त्याला बोलू नकोस हो, त्याचं काम अडतं." म्हणजे दर गुरुवारी तू विचारत होतीस ते माहीत असून, आणि मी आपला 'नेलं, नेलं' म्हणतोय. नंतर चार वर्षं तू वाट बघत बसलीस, मी आपणहून कधी सांगतो याची. असा कुणी पेपर घेतो का? मी दोन तास रंधा मारत बसलो. फळी इतकी पातळ झाली की बैठकीला नाही लावता आली, पाठीला लावली.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि खालची चार वाक्यं नीट वाचली. आईने तुला विचारलं होतं, दवाखान्यात रिक्षाने गेलं तर चालेल का. आणि तू म्हणालीस, "अगं, चालत जा. चालल्याने गुडघे मोकळे राहतात." हे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. ते अक्षर तुझं वाटतच नाही, ओळ खाली उतरली आहे. माझा राग गेला. तू चांगल्यासाठीच सांगितलंस, ताई. तिला धाप लागते हे तिने तुलाही कळू दिलं नव्हतं. आपल्या दोघांनाही तिने व्यवस्थित फसवलं.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी असं लिहिलं, 'आमची आई या चढावर दुकानांपाशी काहीतरी बघण्याच्या निमित्ताने थांबायची. भिंतीपाशी तिला थांबायला निमित्त नव्हतं. ती तिथेच बसली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हा मी बरोबर नव्हतो.' बाईंनी उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. शिक्का मारला आणि म्हणाल्या, "हात लावायला विसरू नका, काका. उठायला लागतात." मी म्हटलं, ते आता मला माहीत आहे.

मागच्या शनिवारी पाचही बाक बसवले. भिंतीजवळचा शेवटी बसवला. इस्त्रीवाल्याने सिमेंट एकट्याने कालवलं. शाळेच्या मुख्याध्यापिकेने भिंतीला पत्र्याची छोटी पडवी जोडायला परवानगी दिली, त्यामुळे सावलीही झाली. नर्सबाई आपल्या फेरीत आता तिथे पाण्याचा माठ भरून ठेवतात. पहिल्याच दुपारी एक बाई वर चढत आल्या. हातात पिशवी, चेहरा लाल. बाकापाशी आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि बसल्या. काही बघायचं नाटक केलं नाही. पाच मिनिटांनी हातावर जोर देऊन उठल्या आणि गेल्या. मी पलीकडे हातोडी घेऊन उभा होतो, आणि तुझी भावजय म्हणते मी उघड्यावर रडलो. सिमेंट गेलं होतं डोळ्यात, असं मी तिला सांगितलंय. तुला खरं सांगतो, रडलो.

तू बाक बघायला येतेस म्हणालीस, फार बरं वाटलं. गुडघे कुरकुरतात, वरपर्यंत रिक्षाने येईन, असं लिहिलंस. ये की, रिक्षाने ये. पण तुला चालत यावंसं वाटलं तर मी खाली गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन. तू पुढे हो, मी मागून येतो. मधे कुठे थांबलीस तर का थांबलीस म्हणून विचारणार नाही. आणि बाक आहे म्हणून बसलंच पाहिजे असंही नाही. ते पितळी कुलूप किल्लीवाल्याकडे अजून तसंच टांगलेलं आहे. तुला ते बघावंसं वाटलं तर खुशाल बघत उभी राहा. मीही बघेन.

तुझ्या मागून येणारा,
धाकटा