आपोआप येणारी चादरींची यादी

३ जून
लेकीला नववा लागला. साहेबांकडे पंधरा दिवसांची रजा मागितली. ते म्हणाले, दवाखान्याच्या लाँड्रीतून कुठल्या वॉर्डला किती चादरी जायच्या ती यादी रोज कोण काढणार? म्हटलं, कॉम्प्युटर काढेल, आपोआप. म्हणाले, तीन दिवस ओळीने काढून दाखवा, मग जा. तीनच? डाव्या हातचा मळ.

४ जून
कॉम्प्युटरवाला टकल्या टाइम लावून गेला. रोज सकाळी सहाला रिपोर्ट छापून तयार. मावशी, तुम्ही कशाला हात लावायचा नाही, म्हणाला. मी कशाला लावतेय? निघताना नेहमीसारखं कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. या लाँड्रीत शिस्त म्हणून आहे ती मला एकटीला.

५ जून, सकाळी ७
यादी नाही. प्रिंटर थंडगार. टकल्याला फोनवर झापला. म्हणे, मी लावलं ते बरोबरच आहे. म्हटलं, मग चष्मा बदल. यादी अंदाजाने हातानेच लिहिली. हाडांच्या वॉर्डला बाळांची लंगोटं गेली. एवढं चालायचंच.

६ जून
टकल्या परत आला. त्याने चालवलं तर कागद फरफर बाहेर! म्हणजे खोट त्याच्या लावण्यात. ठरवलं, आता चिडायचं नाही, जातीने लक्ष घालायचं. संध्याकाळी बटण बंद केलं. दोनदा बघितलं.

७ जून
नाहीच. चिडले.
लेकीचा फोन. आई, येतेस ना गं? म्हटलं, निघालेच समज.

८ जून, दुपार
अंगात ताप. सगळं तसंच टाकून घरी आले. माझ्यावाचून तिकडे काय गोंधळ होईल, या विचारानेच चढला असणार.

११ जून
कामावर. टेबलावर तीन याद्या. नऊ, दहा, अकरा. तिन्ही सकाळी सहाच्या.
टकल्याने सगळ्यांदेखत विचारलं, मावशी, रोज संध्याकाळी बटण कोण बंद करायचं हो? मला खोकला आला. तापाचाच राहिलेला.
साहेब खूश. म्हणाले, पंधरा दिवस कशाला, महिनाभर राहा. तुम्ही नसलात की यादी वेळेवर येते.
निघताना हात आपोआप भिंतीकडे गेला. बटणावर चिकटपट्टी, वर कागद, हे एवढाल्या अक्षरांत: मावशी, हात लावू नका.
लेकीला फोन केला. म्हटलं, कॉम्प्युटर कोणाला जमत नव्हता, नीट करूनच निघतेय.